सर्वधर्मसमभावाचा जमाखर्च

‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात इतका घासला गेला आहे की त्याला आता धार उरलेली नाही. एखाद्या समारंभाच्या आरंभी चार धर्मांच्या चार प्रार्थना म्हटल्या जातात, व्यासपीठावर चार प्रकारचे वेष दिसतात, आणि मग मंडळी चहापानास निघून जातात. या शब्दाखातर कुणाला काही सोडावे लागते, काही करावे लागते, किंबहुना काही गमवावे लागते, अशी शंकाही तेथे कुणाच्या मनास शिवत नाही. परंतु विदर्भातील वर्धा जिल्ह्यात गेली सुमारे शंभर वर्षे काही लहान समूहांनी हा शब्द दैनंदिन जीवनात जगून पाहिला. त्यांच्या तत्त्वज्ञानावर विपुल लिहिले गेले आहे. त्यांच्या जमाखर्चाकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. अशा समूहात भांडी कोण घासतो, शौचकूप कोण साफ करतो, धान्य कुठून येते, निर्णय कोण घेतो आणि नवा माणूस आत येण्यास कोणती किंमत मोजतो, या प्रश्नांची उत्तरे प्रार्थनेच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती दिनक्रमात शोधावी लागतात.

वर्धा शहर, पूर्वेकडील सेवाग्राम आणि नागपूरच्या रस्त्यावर धाम नदीच्या काठी वसलेले पवनार, असा हा एक छोटासा त्रिकोण आहे. तासा-दोन तासांच्या पायी अंतरातील या टापूत एप्रिल १९२१ मध्ये विनोबा भावे साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाची शाखा चालविण्यास आले. त्यांना येथे आणण्यामागे जमनालाल बजाज यांचा आग्रह होता. त्याच आग्रहाने पुढे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले, ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या आडवळणाच्या खेड्यात राहावयास गेले, आणि १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तथापि त्याची सुरुवात आश्रमात नव्हे, तर एका देवळाच्या दारात झाली, हे पुष्कळदा विसरले जाते.

जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले केले. देशात अशा प्रकारे खुल्या झालेल्या पहिल्या काही मंदिरांत त्याची गणना होते. काळाराम मंदिराचा नाशिक येथील सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी, १९३० मध्ये सुरू झाला, आणि पंढरपूरसाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले ते १९४७ च्या मे महिन्यात. यावरून वर्ध्याच्या त्या दिवसाचे वेगळेपण ध्यानी यावे. मात्र मालकानेच दार उघडले म्हणजे देऊळ खुले होते, समाज खुला होत नाही, हे तेथल्या मंडळींना लवकरच उमगले असले पाहिजे. कारण त्यांची पुढची पावले देवळाकडे नव्हे, तर स्वयंपाकघराकडे, चामड्याकडे आणि मैल्याकडे वळलेली दिसतात.

झाडू आणि चामडे

वर्ध्यालगतच्या नालवाडी या वस्तीत १९३२ च्या अखेरीस विनोबा राहावयास गेले. तेथे चर्मालय उभे राहिले. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणे, कमावणे हे ज्या कामामुळे एक सबंध समाज गावकुसाबाहेर फेकला गेला, तेच काम गोपाळराव वाळुंजकर यांच्यासारख्या आश्रमीय कार्यकर्त्याने उद्योग म्हणून हाती घेतले. याच नालवाडीत विनोबांनी आणखी एक प्रयोग केला, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकास तो त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलका वाटावा. दिवसाचे आठ-आठ तास सूत कातावयाचे, आणि कातणाऱ्या बाईस चरखा संघ त्या काळी जी मजुरी देई तेवढ्यातच आपले पोट भरता येते काय ते पाहावयाचे! येत नाही, हे उघड होते. परंतु ते उघड असणे वेगळे आणि स्वतःच्या ताटात दिसणे वेगळे. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारीने उपाशी राहावे, हा व्यवहार धर्माच्या नावाने चालू देणे अशक्य झाले, आणि १९३५ मध्ये चरखा संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे खादी महागली. ग्राहकास ते रुचले नसेल. पण एखाद्या आध्यात्मिक श्रद्धेने बाजारभावात फरक पाडल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील काळात हेच विनोबा पवनारहून रोज खांद्यावर फावडे टाकून काही मैलांवरील सुरगाव या खेड्यात भंगीकाम करण्यास जात असत. हा क्रम दीड वर्षाहून अधिक काळ चालला. उपनिषदांचा हा भाष्यकार रोज सकाळी गावचा मैला उचलत होता, याचे कौतुक करणे सोपे आहे. त्यामागील हिशेब समजून घेणे कठीण. ज्या समूहात सर्व धर्म समान पण सर्व कामे असमान, तेथे धर्मांची समानता ही शेवटी वरच्या कामांच्या लोकांनी एकमेकांस दिलेली मानवंदना ठरते, असा तो हिशेब होता.

आश्रमाच्या एकादश व्रतांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांची मांडणी नव्याने जाणवते. सत्य, अहिंसा, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह ही जुन्या परंपरेतील व्रते होत. त्यांच्या पंक्तीस शरीरश्रम, अस्वाद, अभय, स्वदेशी, स्पर्शभावना आणि सर्वधर्मसमानत्व ही व्रते बसविली गेली. म्हणजे सर्व धर्म समान मानणे हे येथे स्वतंत्र, सुटे तत्त्व नाही. अंगमेहनत करणे आणि शिवाशीव न पाळणे या दोहोंच्या शेजारी, त्यांच्याच तोलाचे ते एक कर्तव्य आहे. आज आपण त्या अकरांतून नेमके एकच व्रत, तेही सर्वांत कमी खर्चाचे म्हणून, उचलले आहे.

सेवाग्रामचे आश्रमवासी कोण होते, यावरूनही या समूहाच्या सीमारेषा कळतात. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने पीडित होऊन आश्रमाच्या आश्रयास आले. त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधली गेली आणि गांधीजी त्यांच्या अंगाचे मर्दन करीत. निचिदात्सु फुजी या जपानी बौद्ध धर्मगुरूंची गांधीजींशी भेट १९३३ मध्ये वर्ध्यासच झाली होती. त्यांच्या संप्रदायाचा एक भिक्षू पुढे सेवाग्रामात राहिला. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने त्या भिक्षूस पकडून नेले, पण त्याचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत तसाच राहिला. शत्रुराष्ट्राच्या भाषेतील प्रार्थना युद्धकाळात रोज म्हणत राहणे ही गोष्ट आज वाचताना साधी वाटते, त्या वर्षांत ती साधी नव्हती.

याहूनही बिकट कसोटी आली ती देव न मानणाऱ्या माणसाच्या रूपाने. आंध्रातील गोरा हे घोषित निरीश्वरवादी १९४४ च्या अखेरीपासून गांधीजींच्या संपर्कात आले आणि सेवाग्रामी राहून गेले. ज्या आश्रमाचा दिवस प्रार्थनेने उगवतो आणि प्रार्थनेने मावळतो, तेथे प्रार्थना न करणाऱ्याचे काय करावयाचे? गोरांच्या कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी सेवाग्रामात व्हावयाचा ठरला, तेव्हा विधीतील ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घालण्यास गांधीजींनी मान्यता दिली. तो विवाह झाला मार्च १९४८ मध्ये. तोवर मान्यता देणारा हयात नव्हता, पण शब्द पाळला गेला. सर्व धर्मांना सामावणारे समूह जगात पुष्कळ निघाले. धर्म नाकारणाऱ्यास सामावून घेण्यासाठी आपल्या विधीचा मजकूर बदलणारे विरळाच.

पैशाविना पवनार

पवनारची कथा निराळी आणि काहीशी अधिक कठोर आहे. विनोबा तेथे १९३८ मध्ये प्रकृती सुधारण्याच्या निमित्ताने जमनालालजींच्या बंगल्यात राहावयास आले. शेतात खणता खणता तेथे राम-भरत भेटीचे एक प्राचीन शिल्प हाती लागले. पवनार हे वाकाटकांचे प्रवरपूर असावे, असे विद्वानांचे मत आहे, आणि १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननाने त्या स्थळाचे पुराणत्व सिद्धही केले. विनोबांना मात्र त्यात राजधानी नव्हे, तर गळाभेट दिसली. मूर्तिपूजेचे फारसे अगत्य नसलेल्या या गृहस्थाने ती मूर्ती जतन केली, यात विसंगती शोधणाऱ्यांनी ती खुशाल शोधावी.

१ जानेवारी १९५० पासून पवनारला ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग सुरू झाला. आश्रमाने पैसा स्वीकारू नये, पैशाने विकत घेऊ नये, जे लागेल ते आपल्या श्रमाने पिकवावे, आणि बाहेरून मदत घ्यावयाचीच तर श्रमाच्या व सुताच्या रूपाने घ्यावी, अशी ती कल्पना. बैलाचाही आधार न घेता माणसांनी हाताने शेती करावयाची, विहिरीचा रहाट माणसांनी ओढावयाचा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग टिकण्याजोगा नव्हता. मीठ आणि लोखंड शेतात पिकत नाही, आणि विनिमयाचे साधन टाकून दिले म्हणून विनिमयाची गरज संपत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण त्या प्रयोगामागील निदान चुकीचे नव्हते. दानावर जगणारी संस्था दात्याच्या श्रद्धा जपू लागते. दाता एका जातीचा वा धर्माचा असला की संस्थेचे दार हळूहळू त्याच्याच मापाचे होते. आपल्याकडील मठांचा आणि देवस्थानांचा इतिहास याहून वेगळे काय सांगतो? फ्रान्समधील तेझे येथे १९४० मध्ये सुरू झालेला आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या बंधूंना एकत्र आणणारा समूह देणग्या न घेता स्वतःच्या कामावर जगतो. दोघांनाही स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचावी, याचे कारण ती गोष्ट व्यवहारातून सुचते, ग्रंथातून नव्हे.

कांचनमुक्तीचा प्रयोग रंगात आला असतानाच मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी हैदराबादकडे निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले, आणि पुढची तेरा वर्षे त्यांची पदयात्रा चालली. त्या यात्रेत समभावाची खरी परीक्षा देवळांच्या दारात होत राहिली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारातील वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह दर्शनास जाताना पंड्यांनी त्यांना मारहाण केली. जगन्नाथपुरीस एक फ्रेंच भगिनी सोबत होती म्हणून मंदिरप्रवेश नाकारला गेला, तेव्हा विनोबाही बाहेरूनच परतले. आणि मे १९५८ मध्ये पंढरपुरास, ज्या विठ्ठलासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले त्याच विठ्ठलाच्या दर्शनास, एक मुस्लिम आणि एक जर्मन ख्रिस्ती भगिनी बडव्यांच्या संमतीने विनोबांबरोबर आत गेल्या. महाराष्ट्राने या दिवसाची जेवढी आठवण ठेवावयास हवी होती तेवढी ठेवलेली नाही.

या यात्रेवर असतानाच २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. त्यामागे दोन कल्पना होत्या, आणि दोन्ही परंपरेस धक्का देणाऱ्या होत्या. ब्रह्मविद्या ही आजवर पुरुषांची राहिली, ती स्त्रियांच्या हाती यावी, ही पहिली. आणि ती एकट्याने गुहेत बसून करावयाची साधना न राहता सामूहिक व्हावी, ही दुसरी. निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या भगिनी येथे आल्या. आश्रमात मठाधिपती नाही, कुलमाता नाही. शेत, स्वयंपाक, सफाई, छापखाना ही कामे भगिनींनीच करावयाची. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक त्यांनीच लिहावयाचे, जुळवावयाचे, छापावयाचे. निर्णय सर्वसंमतीने घ्यावयाचे. एकीचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलावयाचा. संस्थापक स्वतः पहिली दहा वर्षे बहुतांश प्रवासात होते आणि १९६९ च्या नोव्हेंबरनंतरच तेथे स्थिरावले, ही गोष्ट या समूहाच्या घडणीत फार महत्त्वाची आहे. गुरू जवळ नसताना ज्या शिष्यांना दहा वर्षे आपापसांत एकमत करून शेत पिकवावे लागते, त्यांचा समूह गुरूच्या मृत्यूने कोसळत नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्नौषधांचा त्याग करून विनोबांनी देह ठेवला, आणि ब्रह्मविद्या मंदिर चालू राहिले. गुरूच्या पश्चात गादीसाठी न्यायालयात गेलेल्या संप्रदायांची यादी लांबलचक आहे. पवनारला गादीच नसल्यामुळे भांडणास विषय उरला नाही!

श्रद्धेच्या अंगानेही येथे एक परिश्रम आहे. सर्व धर्म सारखेच सांगतात, असे म्हणून मोकळे होणे विनोबांना मान्य नव्हते. त्यांनी कुराणासाठी अरबी शिकून घेतली. कुराणाचे, ख्रिस्ती धर्माचे, धम्मपदाचे सार त्यांनी वर्षानुवर्षांच्या अध्ययनातून सिद्ध केले, आणि १९७४ मध्ये जैनांच्या सर्व पंथांनी मान्य केलेला ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने तयार झाला. दुसऱ्याच्या धर्माचा आदर म्हणजे दुसऱ्याच्या भाषेचे व्याकरण पाठ करणे, अशी ही व्याख्या आहे. ती लोकप्रिय होण्याची शक्यता अर्थातच कमी.

खर्चाची बाजू

जमेची बाजू एवढी भक्कम असताना खर्चाची बाजू लपविण्याचे कारण नाही. तिच्यातील सर्वांत मोठी नोंद अशी की ज्यांच्यासाठी हे सारे प्रथम आरंभले, त्यांतील बहुसंख्य लोक या वाटेने आले नाहीत. १९३६ च्या मे महिन्यारंभी डॉ. आंबेडकर येथे येऊन गांधीजींना भेटले. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा सहा-सात महिनेच झाले होते. मतभेद मिटले नाहीत. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येथून पंच्याहत्तर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि वर्धा जिल्ह्यातील वस्त्या-वस्त्यांतून लोक त्या वाटेने गेले. आश्रमांनी आपले दार उघडले होते. परंतु दार उघडणारा यजमान आणि आत येणारा पाहुणा हे नाते उरलेच होते. दीक्षा घेणाऱ्यांनी पाहुणेपण नाकारून स्वतःचे घर बांधले. आश्रमीय समभावावरील ही सर्वांत गंभीर टीका होय, आणि तिला पुरेसे उत्तर आश्रमीय साहित्यात आढळत नाही. भंगीकाम स्वेच्छेने करणारा माणूस ते उद्या सोडू शकतो. ज्याच्या कपाळी ते जन्माने आले त्याला ही मुभा नसते. विनोबांच्या फावड्याचा गौरव करताना हा भेद डोळ्यांआड होता कामा नये.

दुसरी नोंद भाषेची. पवनारच्या प्रार्थनेत ईशावास्य आहे, विष्णुसहस्रनाम आहे, गीता आहे. विनोबांनी रचलेल्या नाममालेत साऱ्या धर्मांची ईश्वरनामे गुंफलेली आहेत हे खरे; परंतु दिवसाचा कणा संस्कृत आणि वैदिक परंपरेचाच राहिला. गावातल्या मुसलमान विणकरास वा नवबौद्ध शेतमजुरास तेथे सन्मान मिळेल, यात संशय नाही. ते आपले घर आहे असे त्याला वाटेल काय, हा प्रश्न निराळा.

सर्वसंमतीचीही किंमत आहे. क्वेकर पंथाच्या सभांतूनही मतदान होत नाही. त्या पंथाच्या मार्जोरी साइक्स सेवाग्रामच्या नई तालीममध्ये वर्षानुवर्षे काम करीत होत्या, त्यांना येथली रीत परकी वाटली नसणार. लहान समूहात ही पद्धत अल्पमताचे रक्षण करते. मोठ्या संघटनेत तीच पद्धत अल्पमतास नकाराधिकार देते. १९७४–७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाच्या प्रश्नावर सर्व सेवा संघ दुभंगला, तेव्हा एकमताच्या नियमामुळे संघास ना धड हो म्हणता आले, ना धड नाही. पुढे आणीबाणीत विनोबांच्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचा सत्तेने सोयीस्कर उपयोग करून घेतला, आणि त्याच राजवटीच्या पोलिसांनी १९७६ मध्ये गोवधबंदीसाठीच्या उपवासाची वार्ता छापणाऱ्या ‘मैत्री’चे अंक पवनारला येऊन जप्त केले. आश्रमाच्या अंगणात उपयोगी पडणारी रीत राष्ट्राच्या चौकात तशीच उपयोगी पडेल असे मानणे, ही त्या पिढीची चूक होती.

आणि शेवटी ब्रह्मचर्य. अमेरिकेतील शेकर पंथ स्त्रीपुरुष समानता, सामाईक मालमत्ता, उत्तम कारागिरी आणि ब्रह्मचर्य यांवर उभा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे काही हजार अनुयायी होते. आज मेन राज्यातील एका वस्तीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. ज्या समूहात मुले जन्मत नाहीत तो केवळ नव्या भरतीवरच जगतो. पवनारच्या भगिनी वृद्ध झाल्या, अनेकजणी निवर्तल्या, आणि त्यांच्या जागा घेण्यास त्या प्रमाणात कुणी आलेले नाही. दार सर्वांना खुले आहे, पण उंबरठा फार उंच आहे.

उंबरठा कमी उंचीचा ठेवला तर काय होते, याचेही उदाहरण याच भागात आहे. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून चालविलेली सामुदायिक प्रार्थना वर्धा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोचली. तिला संन्यास लागत नाही, संस्कृत लागत नाही. शेतावरून परतलेला कुणबी, तेली, न्हावी संध्याकाळी हातपाय धुऊन पंक्तीत येऊन बसतो. १९५५ च्या ‘ग्रामगीते’ची भाषा त्याला समजते. येथे समभाव रुंद झाला, आणि रुंद झाला म्हणून थोडा उथळही झाला. प्रार्थना संपल्यावर जो तो आपापल्या आळीत परततो. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या दर्ग्यास हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या नवस फेडतात, त्यांना तर कोणत्याही व्रताची ओळख नाही. खोली आणि रुंदी यांचा हा व्यस्त संबंध वर्ध्याच्या कोणत्याही समूहास चुकविता आलेला नाही.

दगड आणि माणसे

अशा वेळी समाज व सरकार काय करतात? बांधकाम करतात. वर्ध्यास १९८० मध्ये गीताई मंदिर झाले. छत नाही, मूर्ती नाही, केवळ शिळांवर कोरलेले गीताईचे अध्याय, अशी ती कल्पना सुंदर आहे. त्याच्याजवळच १९९३ मध्ये जपानी बौद्धांच्या प्रयत्नाने विश्वशांती स्तूप उभा राहिला. अलीकडच्या वर्षांत गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने सेवाग्राम परिसराच्या विकासासाठी शासनाने मोठा आराखडा राबविला. रस्ते झाले, सभागृहे झाली, सहली येऊ लागल्या. याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु शिळा एकदा रोवली की राहते, तिला रोज पहाटे उठावे लागत नाही. समूह रोज नव्याने करावा लागतो. भांडवली खर्चास निधी मिळतो, रोजच्या श्रमास मिळत नाही, हे आपल्या सर्वच नियोजनाचे दुखणे येथेही दिसते. उद्या पवनारच्या भगिनींच्या माघारी तेथे एक देखणे स्मारक उभे राहील, चित्रफीत दाखविली जाईल, आणि ज्या संस्थेने पैशास नकार दिला तिचे संग्रहालय पैशावर चालेल.

हे टाळावयाचे असेल तर पवनारला अनुदानाची नव्हे, हातांची गरज आहे, आणि ते हात आजन्म व्रत घेतलेलेच असावेत असा आग्रह धरण्याचे दिवस गेले आहेत. वर्षा-दोन वर्षांसाठी येणाऱ्या, विवाहित वा अविवाहित, मंत्र म्हणणाऱ्या वा न म्हणणाऱ्या स्त्रीपुरुषांना समूहाच्या निर्णयात बरोबरीचे स्थान देण्याचा विचार आश्रमास करावा लागेल. गोरांसाठी विधीतील एक शब्द बदलता आला, तर पवनारला प्रवेशाची एक अट बदलणे अशक्य मानण्याचे कारण नाही. तेझेला आठवड्यापुरते येणारे हजारो तरुणही स्वयंपाकात आणि सफाईत वाटा उचलतात, आणि त्यामुळे तेथील बंधूंच्या व्रतास बाध आलेला नाही.

वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही यात काही करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दरवर्षी होतात. तेथे बौद्धिके होतात, पाहुणे येतात, स्वयंपाकास आचारी लावला जातो. यांतील काही शिबिरे पवनारला, आश्रमाच्याच शिस्तीने व्हावीत; आचारी नसावा, पाहुणे नसावेत, आणि दिवसाची कामे सर्वसंमतीने वाटली जावीत. त्यात दलित वस्तीतील विद्यार्थी आणि सिव्हिल लाइन्समधील विद्यार्थी एकाच ताटलीच्या ढिगाशी बसतील. मात्र कामवाटपाचा तक्ता भिंतीवर लागेल तेव्हा त्यात विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकांची आणि प्राचार्यांचीही नावे असावीत, आणि शौचकूपांच्या रकान्यात पहिल्या दिवशी ती असावीत.